वाचकांचे प्रश्न: आखाजीची बैलगाडी आठवते, सकाळची गोळी नाही

या अंकासाठी स्मरणशक्तीवर आलेल्या पत्रांतली निवडक पत्रं आणि त्यांची उत्तरं. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत. नावं पत्रलेखकांच्या इच्छेने वगळली आहेत.

सासूबाई ७६ वर्षांच्या आहेत. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जाताना बैलगाडी उलटली होती. ती हकीकत त्या बैलाच्या रंगासकट सांगतात. पण सकाळी गोळी घेतली का विचारलं, तर आठवत नाही. घरात काही जण म्हणतात, हे ढोंग आहे. – एक सून, अमळनेर

ढोंग नाही. या दोन आठवणी मुळात साठवल्याच वेगवेगळ्या पद्धतीने जातात.

गाडी उलटली त्या क्षणी मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून ॲड्रेनॅलिन हे उत्तेजनेचं रसायन सुटलं आणि मेंदूत त्याचाच भाऊबंद असलेल्या नॉरॲड्रेनॅलिनची पातळी चढली. कानशिलाच्या आत खोलवर अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग असतो. त्याने शेजारच्या हिप्पोकॅम्पसला, म्हणजे नव्या आठवणी बांधणाऱ्या भागाला, जोर दिला आणि आठवण घट्ट बसली. शिवाय सासूबाई तेव्हा अठरा-वीस वर्षांच्या असणार. माणसाला म्हातारपणी आयुष्यातल्या साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणी सर्वांत जास्त येतात, हे अनेक देशांत दिसून आलं आहे. आणि ती हकीकत त्यांनी आजवर किती आखाज्यांना सांगितली असेल? प्रत्येक वेळी सांगताना ती पुन्हा नव्याने साठवली गेली.

गोळीला यातलं काहीच मिळालं नाही. भीती नाही, आनंद नाही आणि आजची गोळी हुबेहूब कालच्यासारखीच. वय वाढतं तसा हिप्पोकॅम्पस हळूहळू आक्रसतो आणि सर्वांत आधी बिघडते ती दोन गोष्टींची जोड: चेहरा आणि नाव, निरोप आणि तो कोणाचा, गोळी आणि वार. त्यामुळे गोळी घेतल्याचं चित्र सासूबाईंच्या डोळ्यांसमोर येतं, पण ते आजचं की कालचं हे कळत नाही. ‘आठवत नाही’ हे त्यांचं उत्तर प्रामाणिक आहे. जास्त धोका ‘घेतली वाटतं’ या उत्तरात आणि त्याहून जास्त ‘नसेल घेतली, घेऊन टाकते’ यात. मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी दोनदा गेली तर साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते.

म्हणून त्यांना विचारणं बंद करा आणि डबीला विचारा. सात वारांची, सकाळ-संध्याकाळ असे चौदा कप्पे असलेली डबी औषधाच्या दुकानात मिळते. ती आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, घरातल्या एकाच माणसाने भरावी. दोघांनी भरली की एखादी गोळी दोनदा पडते. ज्या गोळ्या पाकिटातून काढून ठेवायच्या नसतात त्या कोणत्या, हे दुकानदाराला विचारून घ्या. त्या गोळ्यांची पट्टी कातरून, वेष्टनासकट कप्प्यात टाकता येते. मे महिन्यात आपल्याकडे खानदेशात पारा ४५ पर्यंत जातो, तेव्हा डबी खिडकीत किंवा चुलीजवळ नको.

दुसरं म्हणजे गोळीला घड्याळापेक्षा कामाशी बांधा. ‘आठ वाजता घेईन’ हे म्हातारपणी निसटतं. ‘चहाचा कप हातात आला की आधी डबी उघडेन’ हे टिकतं. हे वाक्य सासूबाईंनी स्वतःच्या तोंडाने दोन-तीनदा म्हणायचं आणि तसं करताना डोळ्यांसमोर आणायचं. २००४ मध्ये घरी स्वतःची साखर तपासणाऱ्या वयस्कर लोकांवर हा उपाय करून पाहिला गेला. नुसत्या पाठांतरापेक्षा किंवा फायद्या-तोट्यांच्या विचारापेक्षा तो जास्त चालला.

इंदिरा गांधींच्या हत्येची बातमी मी केळीचा ट्रक भरताना सकाळी दहाला आकाशवाणीवर ऐकली. धाकटा भाऊ म्हणतो, ती संध्याकाळी आप्पांनी बाजारातून आणली. दोघांनाही शंभर टक्के खात्री आहे. खरं कोणाचं? – रावेर

कदाचित दोघांचंही नाही, पण तुमचं तर अवघडच आहे. ३१ ऑक्टोबर १९८४ ला हल्ला सकाळी सव्वानऊच्या सुमारास झाला, पण आकाशवाणीने निधनाची अधिकृत बातमी दिली ती संध्याकाळी. सकाळी दहाला तुम्ही ती आकाशवाणीवर ऐकणं शक्य नाही. दिवसा कोणाच्या तरी ट्रान्झिस्टरवर बीबीसी लागलं असेल, किंवा हल्ल्याची उडती बातमी कानावर आली असेल आणि नंतर तिला आकाशवाणीचा आवाज चिकटला असेल.

धक्क्याच्या बातमीत घटना लक्षात राहते. भोवतालचे तपशील मात्र मागाहून भरले जातात आणि खात्री जशीच्या तशी राहते. जानेवारी १९८६ मध्ये चॅलेंजर यान फुटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अमेरिकेतल्या एका विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांकडून बातमी कुठे, कशी, कोणाकडून कळली हे लिहून घेतलं गेलं. अडीच-तीन वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना तेच पुन्हा विचारलं. पूर्ण बरोबर उत्तर फक्त तिघांचं आलं आणि सुमारे चौथा हिस्सा मुलं सगळ्या मुद्द्यांवर चुकली. त्यांचंच जुनं हस्ताक्षर समोर ठेवलं, तरी कोणाची आठवण परत आली नाही.

ट्रकच्या वादात कोणाचं नुकसान नाही, तो खुशाल चालू द्या. पण ‘शेवटच्या दिवसांत आप्पा विहिरीच्या वाट्याबद्दल काय म्हणाले’ हा वाद असाच निघाला तर खात्रीवर जाऊ नका, कागद शोधा.

निवृत्त शिक्षक आहे, वय ७१. डॉक्टर ‘अँजिओग्राफी करावी लागेल’ म्हणाले, त्यापुढचं एक अक्षर आठवत नाही. कोणती गोळी कधी बंद करायची हेही नाही. चाळीस वर्षं वर्गात नावं पाठ ठेवणारा माणूस मी, मला हे काय झालं? – शहादा

वर्गाशी याचा संबंध नाही. ‘अँजिओग्राफी’ हा शब्द तुमच्यासाठी पहिल्या पत्रातली बैलगाडी उलटण्यासारखाच होता. उत्तेजित मन एका गोष्टीवर झोत टाकतं आणि आजूबाजूचं अंधारात ढकलतं. बंदूक रोखलेली पाहणाऱ्या साक्षीदाराला बंदूक आठवते, माणसाचा चेहरा आठवत नाही, तोच प्रकार. धक्क्यानंतर वीस-तीस मिनिटांनी रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, शिखरावर असतं आणि ते आधीचं आठवायलाही अडथळा करतं. म्हणून दवाखान्याबाहेर मुलाने ‘काय म्हणाले?’ विचारलं की पाटी कोरी. २००३ च्या एका आढाव्यात म्हटलं आहे की डॉक्टरांनी सांगितलेल्यातलं ४० ते ८० टक्के रुग्ण लगेच विसरतात. यात तरुणही आले.

वयाचा वाटा वेगळा आहे. नॉरॲड्रेनॅलिन पुरवणारा पेशींचा एक इवलासा पुंजका मेंदूच्या देठात असतो, त्याचं नाव लोकस सेरुलिअस. तरुणपणी उत्तेजना आली की हा पुंजका महत्त्वाचं उजळ करतो आणि फालतू दाबून टाकतो. २०१८ च्या एका अभ्यासात दिसलं की वयस्करांत ही छाननी ढिली पडते. उत्तेजना येते, पण कामाचं आणि बिनकामाचं दोन्ही एकदम उचललं जातं. तुम्हाला त्या दिवशीचा डॉक्टरांच्या भिंतीवरचा कॅलेंडरचा फोटो आठवत असेल आणि गोळीचं नाव आठवत नसेल, तर त्याचं कारण हे.

पुढच्या वेळी असं करा. घरून निघण्याआधी एका कागदावर मोठ्या अक्षरांत तीनच प्रश्न लिहा, दहा नकोत. पहिला: काय करायचं आणि कधी? दुसरा: कोणती गोळी बंद, कोणती चालू, कोणत्या तारखेपासून? तिसरा: काय झालं तर लगेच यायचं? प्रत्येकाखाली चार ओळींची जागा सोडा. चष्मा आणि श्रवणयंत्र घालूनच आत जा. नीट न ऐकलेलं आठवण्याचा प्रश्नच येत नाही, आणि ‘विसरलो’ म्हणणाऱ्यांत नीट ऐकू न आलेले बरेच असतात. मधुमेह असेल तर उपाशीपोटी तासभर बाकावर बसू नका. उपाशी राहायला सांगितलं असेल तर गोळी-इन्सुलिनचं काय करायचं हे आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

सोबत असा माणूस न्या जो लिहील. वाद घालणारा किंवा डॉक्टरांना स्वतःची सांधेदुखी सांगणारा जावई नको. धक्क्याचा शब्द आला की डॉक्टरांना सरळ सांगा, ‘साहेब, दोन मिनिटं थांबा.’ बहुतेक थांबतात. मग पाणी प्या आणि पुढचं ऐका. उठण्याआधी स्वतःच्या शब्दांत परत सांगा: ‘म्हणजे मंगळवारपासून ही बंद, ही चालू, शुक्रवारी सकाळी उपाशीपोटी यायचं, बरोबर?’ डॉक्टरांनी सांगून झालेलं असतं, तुम्ही बोलून दाखवलं नाही तर काय चुकलं ते त्यांना कळत नाही. परवानगी मिळाली तर मोबाइलवर आवाज मुद्रित करा.

बाहेर आलात की लगेच रिक्षात बसू नका. दहा मिनिटं बाकावर बसून कागद मोठ्याने वाचा. संध्याकाळी तो न बघता मुलीला फोनवर सगळं सांगा आणि मग कागदाशी ताडून पाहा. बघून पाच वेळा वाचण्यापेक्षा न बघता एकदा सांगणं आठवण जास्त घट्ट करतं.

एक गोष्ट मात्र आठवणीवर कधीच सोडायची नाही: रक्त पातळ करणारी गोळी. ती बंद कधी आणि पुन्हा सुरू कधी, दोन्ही तारखा डॉक्टरांच्या हातच्या हव्यात. आत्ताही शंका असेल तर स्वतःहून बंद करू नका, आजच दवाखान्यात फोन करा.

बीपीच्या गोळीने स्मरणशक्ती जाते का? शेजारी म्हणतात बंद कर. – भुसावळ

बंद करू नका. प्रोप्रॅनोलॉलसारखी बीटा-ब्लॉकर, म्हणजे ॲड्रेनॅलिनचा परिणाम रोखणारी बीपीची गोळी, भावनेमुळे आठवणीला मिळणारा जादा जोर कमी करते, हे खरं आहे. १९९४ मध्ये एका प्रयोगात लोकांना ती ४० मिलिग्रॅम देऊन चित्रांतून गोष्ट दाखवली होती. आठवड्याने त्यांना गोष्टीतला अपघाताचा, थरकाप उडवणारा भाग इतरांपेक्षा कमी आठवला. साधा भाग मात्र इतरांएवढाच आठवला. म्हणजे रोजची स्मरणशक्ती पुसली गेली नाही. उलट वाढलेला रक्तदाब तसाच ठेवला तर मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात आणि मग स्मृती खरोखर जाते. बीटा-ब्लॉकर एकदम सोडल्याने हृदयालाही धोका असतो.

शोधायच्याच असतील तर दुसऱ्या गोळ्या शोधा: झोपेसाठी चालू केलेली आणि वर्षानुवर्षं चाललेली अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम, सर्दी-खाजेवरच्या गुंगी आणणाऱ्या क्लोरफेनिरामिन-डायफेनहायड्रामिन, नैराश्यावरची ॲमिट्रिप्टिलिन, लघवीसाठीची ऑक्सिब्युटिनिन. म्हातारपणी या खरोखर विसराळूपणा आणतात. यांतली कोणतीही झटक्यात सोडू नका. झोपेच्या गोळ्या तर अजिबात नाही, फिट येऊ शकते. सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ओता.

वय ६८. श्रावणातल्या कानबाई देवीच्या सणाची गाणी आईच्या तोंडून ऐकलेली पाठ आहेत, पण मंडळातल्या बायकांनी दिलेली नवी चार गाणी डोक्यात राहत नाहीत. श्रावणाला तीन आठवडे आहेत. – एरंडोल

तीन आठवडे पुष्कळ झाले, फक्त चारही गाणी एकदम घेऊ नका.

जुनी गाणी टिकली त्याचं कारण, ती रोट, दिवे, रात्रीचं जागरण, सोमवारचं विसर्जन यांच्यासकट आत गेली. दरवर्षी तोच सण येऊन ती पुन्हा जागी करत होता. नव्या गाण्यांना असा आधार नाही, तो आपण द्यायचा.

एक गाणं घ्या. पहिलं कडवं दोनदा ऐका आणि मग कागद उलटा करून म्हणा. अडलात तर लगेच बघू नका, आधी आठ-दहा सेकंद आठवून पाहा. मग बघा आणि पुन्हा म्हणा. एका मिनिटाने पुन्हा, मग पाच मिनिटांनी, पंधरा मिनिटांनी, झोपायच्या आधी, दुसऱ्या दिवशी सकाळी, तिसऱ्या दिवशी, आठवड्याने. मध्ये चुकलात तर मागच्या अंतरावर या. लोक इथेच चुकतात: एका बैठकीत वीस वेळा म्हणतात, त्या रात्री सगळं येतं आणि दोन दिवसांनी अर्धं उडतं. बघून म्हटलेलं तर धरूच नका.

आता भावनेचा फायदा कसा घ्यायचा ते. शिकून झाल्यावर लगेच आलेली थोडी उत्तेजनाही आठवण पक्की करते. २०१२ मध्ये ५० ते ८५ वयाच्या लोकांना चित्रं दाखवून लगेच सहा मिनिटं जोरात सायकल चालवायला लावली. तासाभराने त्यांना नुसत्या बसून राहिलेल्यांपेक्षा जास्त चित्रं आठवली. स्मृती कमी झालेल्यांनाही फायदा दिसला. तरुणांवरच्या दुसऱ्या एका प्रयोगात शब्दांची यादी शिकल्यावर विनोदी किंवा शस्त्रक्रियेची फिल्म दाखवली. अर्ध्या तासाच्या आत दाखवली तरच उपयोग झाला. म्हणून कडवं झालं की अंगणात सहा-सात मिनिटं झपझप चाला, इतकं की बोलता येईल पण गाता येणार नाही. हृदयविकार, छातीत दुखणं किंवा गुडघ्यांचं दुखणं असेल तर बसल्या बसल्या रबरी चेंडू मुठीत दाबा, त्यानेही उत्तेजना वाढते. दाबताना श्वास रोखू नका, बीपी चढतं. आणि रात्री झोप पूर्ण करा. जागरण कानबाईच्या रात्रीसाठी राखून ठेवा.

आजोबा भावकीतली जुनी भांडणं विसरलेत, सगळं गोडच सांगतात. काही बिघडलंय का? – चाळीसगाव

नाही. साठी-सत्तरीनंतर वाईटापेक्षा चांगलं जास्त लक्षात राहतं, हे २००३ च्या अभ्यासातही दिसलं. पुढचा काळ थोडा उरलाय असं वाटू लागलं की माणूस मनाला बरं वाटेल तिकडे लक्ष देतो. भांडण विसरले तर विसरू द्या. एकच सांभाळा: औषधाचा फायदा त्यांच्या लक्षात राहील, पण धोक्याची सूचना गळेल. ती लिहून द्या.

वडील, वय ७३. पोलिसांच्या वेशातल्या माणसाने व्हिडिओ कॉलवर तीन तास बसवून ठेवलं. पैसे गेले नाहीत, पण वडील बँकेच्या दारापर्यंत पोचले होते. इतका व्यवहारी माणूस असा कसा फसतो? – जळगाव

ते व्यवहारी आहेत, पण त्या तीन तासांत त्यांना शांतपणे हिशोब करूच दिला गेला नाही. २०१८ च्या एका अभ्यासात ६५ ते ८५ वयाच्या लोकांना आधी खेळातून आनंद किंवा संताप आणला आणि मग फसव्या जाहिराती दाखवल्या. शांत असलेल्यांपेक्षा उत्तेजित झालेल्यांना ती वस्तू जास्त घ्यावीशी वाटली. म्हणजे ‘तुम्हाला अटक’ आणि ‘तुम्हाला लॉटरी’ ही एकाच कामाची दोन हत्यारं आहेत. फोन कापू न देण्यामागेही तेच: उत्तेजना ओसरायला वेळ मिळू द्यायचा नाही.

शांतपणी ‘सावध राहा’ असं कितीही सांगितलं तरी त्या क्षणी ते आठवणार नाही. म्हणून एकच हालचाल बसवा: फोन उलटा ठेवायचा, कॉल तुटला तरी चालेल, आणि ठरलेल्या माणसाला दुसऱ्या फोनवरून लावायचा. घरातल्या कोणीतरी महिन्यातून एकदा खोटा कॉल करून त्याची तालीम घ्या. वडील हसतील, हसू द्या. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा: व्हिडिओ कॉलवर अटक होत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत पांगतात. आणि वडिलांना रागावू नका, नाहीतर पुढचा कॉल आल्याचं ते घरात सांगणारच नाहीत.

आई चार महिन्यांपूर्वी गेली. तेव्हापासून नाना, वय ७५, गॅस बंद करायला विसरतात, बोलता बोलता थांबतात. हे दुःख की स्मृतिभ्रंश? – धुळे

दोन्ही शक्य आहे, आणि पत्रावरून ठरवता येत नाही. पण काही फरक बघता येतात. दुःखाने किंवा नैराश्याने विसरणारा माणूस सहसा स्वतः तक्रार करतो, ‘आठवत नाही’ म्हणून प्रश्न सोडून देतो आणि थोडी खूण दिली की त्याला आठवतं. स्मृतिभ्रंशात घरचे तक्रार करतात, माणूस स्वतः सारवासारव करतो आणि खूण दिली तरी आठवत नाही. रोजच्या रस्त्यावर चुकणं, एकच प्रश्न दहा मिनिटांत चारदा, ओळखीचा व्यवहार न जमणं, ‘तुझी आई कुठे गेली?’ असं पुन्हा पुन्हा विचारणं, यांतलं काही असेल तर वाट पाहू नका. आणि एक-दोन दिवसांतच एकदम भ्रमिष्टपणा आला तर ती तातडी समजा. लघवीचा जंतुसंसर्ग, सोडियम उतरणं, पक्षाघात, डोक्याला मार, काहीही असू शकतं.

तोवर गॅसला सुरक्षा यंत्रणा किंवा इंडक्शन शेगडी बसवा. जेवण एकट्याने नको. बी१२, थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर आणि सोडियम तपासून घ्या. शाकाहारी माणसात, त्यातही वर्षानुवर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन घेणाऱ्यात, बी१२ कमी सापडणं नेहमीचं आहे आणि ते भरून काढता येतं. धुळे आणि जळगाव इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मनोविकार विभाग आहे. फोनवर बोलायचं तर १४४१६ ही मानसिक आरोग्याची आणि १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची सरकारी मदतवाहिनी आहे. दाखवायला नेताना गेल्या चार महिन्यांत काय, कधी विसरले याची तारखेसकट वही न्या, सगळ्या गोळ्यांची पिशवी न्या आणि डॉक्टर नानांना प्रश्न विचारतील तेव्हा त्यांच्या वतीने उत्तर देऊ नका.